परवानगी मिळाली, पण दवाखाने तयार होते का?

शटर वर करण्याची परवानगी मिळणे वेगळे आणि धंदा सुरू होणे वेगळे, ही बाब प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक असते. कोरोनाच्या काळात इंग्लंडमधील दंतवैद्यांना हाच अनुभव आला. त्यांचा हिशेब आपल्या छोट्या व्यावसायिकांनीही समजून घ्यावा असा आहे.

२५ मार्च २०२० रोजी तेथील मुख्य दंत अधिकाऱ्यांनी दातांचे नेहमीचे उपचार थांबविण्यास सांगितले. फोनवर सल्ला, वेदनाशामक गोळ्या आणि अगदीच गरज पडली तर तातडीच्या केंद्राकडे पाठवणी, एवढेच शिल्लक राहिले. मग २८ मे रोजी जाहीर झाले की, ८ जूनपासून दवाखाने उघडता येतील. तयारीला मिळाले फक्त अकरा दिवस.

अडचण पहिली, मालाची. दात कोरणाऱ्या यंत्रातून पाणी उडते, त्यात रुग्णाची लाळ मिसळते आणि बारीक तुषार हवेत तरंगतात. म्हणून अशा कामाला साधा मास्क चालत नाही. चांगल्या मास्कच्या मधला थर मेल्टब्लोन कापडाचा असतो. हे कापड विणलेले नसते. त्यावर दिलेला विद्युतभार बारीक कण पकडतो, म्हणून धुतले की त्याचा गुण कमी होतो. हाच माल जगभरची इस्पितळे मागत होती, साहजिकच भाव चढले. शिवाय प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मास्क घट्ट बसतो की नाही याची चाचणी सक्तीची होती. दाढी असणाऱ्यांना तो नीट बसत नाही. त्यांच्यासाठी हवा खेळती ठेवणारे महागडे शिरस्त्राण घ्यावे लागे.

अडचण दुसरी, वेळेची. तुषार उडणारे काम झाल्यावर साधारण खोली ६० मिनिटे रिकामी ठेवावी, असा नियम सुरुवातीला होता. आता हिशेब करा. आठ तासांचा दिवस आणि अर्ध्या तासाचे काम धरले तर पूर्वी एका खुर्चीवर १६ रुग्ण होत. मध्ये एक तास सोडला तर जेमतेम ५ किंवा ६. भाडे, पगार, वीज मात्र तेवढीच. पुढे हवा बदलण्याची सोय असलेल्या खोल्यांसाठी हा वेळ कमी करण्यात आला.

अडचण तिसरी, रोकड. सरकारी आरोग्य सेवेचा करार असलेल्यांना महिन्याची रक्कम मिळत राहिली. केवळ खाजगी रुग्णांवर चालणाऱ्यांचा गल्ला रिकामा होता. घरी बसविलेल्या नोकरांच्या पगारासाठी सरकारी मदत होती, पण स्वतंत्र व्यावसायिकांची मदत वार्षिक नफा ५०,००० पौंडांपर्यंत असलेल्यांनाच होती.

म्हणूनच गाडी रुळावर यायला वेळ लागला. जानेवारी २०२१ मध्ये करारातील ४५ टक्के काम अपेक्षित धरले गेले, एप्रिलमध्ये ६० टक्के. पूर्ण १०० टक्क्यांची अट जुलै २०२२ मध्ये परत आली. दरम्यान, वेळेवर भरला असता तर वाचला असता असा दात उशिरामुळे काढावा लागण्याची वेळ रुग्णांवर आली.

आपल्याकडे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९ मे २०२० रोजी दंतवैद्यांसाठी सूचना काढल्या. प्रतिबंधित क्षेत्रातील दवाखाने बंद, इतरत्र फक्त तातडीचे उपचार, असे त्यांचे स्वरूप होते. आपले बहुतेक दंतवैद्य खाजगी. त्यांना दरमहा बांधलेली सरकारी रक्कम नाही. वाढीव खर्च एक तर त्यांनी सोसायचा, नाही तर रुग्णाने.

यातून घेण्यासारखी गोष्ट सरळ आहे. कोणताही व्यवसाय बंद पडून पुन्हा सुरू करायचा असेल तर तीन प्रश्न आधी विचारावेत. लागणारा माल हाताशी आहे का? नव्या नियमांत दिवसाला किती गिऱ्हाईक होईल? आणि तेवढ्या गिऱ्हाइकात किती महिने तग धरता येईल? या तिन्हींची उत्तरे कागदावर मांडल्याशिवाय उघडण्याची तारीख ठरवू नये.