वाक्यातल्या दुसऱ्या जागेचे मानकरी

क्रोएशियन भाषेत ‘माझं नाव आना’ हे सांगायचं असेल तर ‘झोवेम से आना’ म्हणतात. झोवेम म्हणजे ‘हाक मारते’, से म्हणजे ‘स्वतःला’. आता सुरुवातीला ‘या’, म्हणजे ‘मी’, लावून पाहा. नवशिका ‘या झोवेम से आना’ म्हणून मोकळा होतो आणि तिथेच फसतो. झाग्रेबचा माणूस म्हणेल, ‘या से झोवेम आना’. क्रियापद मागे सरलं तरी ‘से’ आपल्या जागेवरून हलला नाही. ती जागा दुसरी.

‘माझ्या बहिणीचं नाव आना’ हे वाक्य तर आणखी मजेशीर आहे : ‘मोया से सेस्त्रा झोवे आना’. मोया म्हणजे माझी, सेस्त्रा म्हणजे बहीण, आणि दोघींच्या मधोमध ‘से’! अर्थाच्या दृष्टीने त्याचं तिथे काहीच काम नाही. बोलताना लोक ‘मोया सेस्त्रा से झोवे आना’ असंही म्हणतात, पण लेखी भाषेत पहिली रचना आजही रूढ आहे.

याचं मूळ उच्चारात आहे. ‘से’ला स्वतःचा आघात नाही. तो आधीच्या शब्दाला टेकूनच उच्चारला जातो, म्हणून वाक्याची सुरुवात त्याला करता येत नाही. मग जो पहिला आधार मिळेल त्याला तो चिकटतो. असे शब्द क्रोएशियनमध्ये बरेच आहेत, आणि ते एकत्र आले तर त्यांचा आपसातला क्रमही ठरलेला असतो. स्विस भाषाशास्त्रज्ञ याकोब वाकरनागेल यांनी 1892 मध्ये दाखवून दिलं की ही खोड एकट्या क्रोएशियनची नव्हे. प्राचीन ग्रीक, लॅटिन, संस्कृत यांतले आघातहीन शब्दही दुसऱ्या जागेकडे धाव घेतात. म्हणजे ही सवय या भाषांच्या समान पूर्वज भाषेतूनच आलेली. भाषाशास्त्रात हा नियम आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

त्याचा पुरावा पाहायला नाशिककराला युरोपात जायला नको, पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढल्या तरी पुरे. दहाव्या लेण्याच्या ओसरीत, मागच्या भिंतीवर छताखाली, क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. तीन लाख गायी दान दिल्याचा अभिमान मिरवणारा हा गृहस्थ गोवर्धनाजवळच्या त्रिरश्मी डोंगरात लेणं कोरवल्याचं सांगतो. भाषा संस्कृत, पण प्राकृत मिसळलेली. ‘लेणं’ हा शब्द तर सुमारे 1900 वर्षांपूर्वीच्या त्या लेखात आजच्याच रूपात आहे! त्यापुढे येतं : ‘इमा च पोढियो’. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. आपण ‘आणि या पोढ्या’ म्हणू. लेखातला ‘च’, म्हणजे ‘आणि’, मात्र ‘या’ आणि ‘पोढ्या’ यांच्या मध्ये बसला आहे. ‘मोया से सेस्त्रा’ आणि ‘इमा च पोढियो’ शेजारी ठेवून वाचा. शब्द वेगळे, खंड वेगळे, बसण्याची तऱ्हा तीच.

त्या ‘च’चं पुढे काय झालं? जोडण्याचं काम ‘आणि’कडे गेलं. पण संस्कृतात ‘च’ आणि ‘एव’ मिळून ‘चैव’ होई. त्यातून प्राकृतात ‘चेअ’, ‘चिअ’ अशी रूपं आली. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या व्याकरणात ती ‘अवधारण’, म्हणजे ठासून सांगणं, या अर्थाने नोंदलेली आहेत. ज्ञानेश्वरीतला ‘चि’ आणि आपला ‘मीच’, ‘आजच’मधला ‘च’ यांची वंशावळ भाषाशास्त्रज्ञ इथपर्यंत नेतात.

आजच्या ‘च’ने दुसऱ्या जागेचा हट्ट मात्र सोडला. ‘मीच काल लासलगावला कांदा विकला’, ‘मी कालच…’, ‘मी काल लासलगावलाच…’, ‘मी काल लासलगावला कांदाच…’, ‘…विकलाच’. ‘च’ जिथे बसेल तिथे अर्थाचा भार जातो. क्रोएशियनचा ‘से’ वाक्यातली जागा बघतो, मराठीचा ‘च’ नेमका शब्द निवडतो. टेकण्याची सवय तेवढी दोघांची सारखी : वाक्याच्या आरंभी ‘च’ आणून दाखवा! शिवाय तो ‘लासलगावलाच’ असा विभक्तीच्या मागे उभा राहतो. ‘लासलगावचला’ असं कुणी चार वर्षांचं पोरही म्हणत नाही. ‘तूच तर म्हणालास’ चालतं, ‘मीचही’ चालत नाही. नियम कुणी शिकवलेले नसतात, पण एखादा मोडला की कानाला लगेच खटकतं.

शाळेच्या व्याकरणात ‘च’ची बोळवण ‘शुद्ध शब्दयोगी अव्यय’ एवढ्यावर होते. हे अन्यायाचं आहे. मराठीच्या शिक्षकांनी एखाद्या तासाला व्याख्या बाजूला ठेवावी, फळ्यावर एक वाक्य लिहावं आणि मुलांना त्यात ‘च’ फिरवू द्यावा. कुठे बसतो, कुठे बसत नाही आणि का, हे मुलांनाच शोधून काढू द्यावं.