शेलची सच्छिद्रता व तिचे मापन

शेल हा चिखलाच्या अतिसूक्ष्म कणांपासून बनलेला व पातळ पापुद्र्यांत फुटणारा गाळाचा खडक होय. त्यातील पोकळ जागेचे एकूण घनफळाशी असलेले शेकडा प्रमाण म्हणजे त्याची सच्छिद्रता. व्याख्या सोपी असली, तरी मापन सोपे नाही. वालुकाश्मातील छिद्रे मायक्रॉनांत मोजतात. शेलमधील पुष्कळशी छिद्रे नॅनोमीटरांत मोजावी लागतात. टेक्सस राज्यातील बार्नेट शेलमध्ये अशी बहुतेक छिद्रे जैव पदार्थात असल्याचे रॉबर्ट लाउक्स व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले.

वालुकाश्माच्या दंडगोलाकार नमुन्यात हीलियम सोडून बॉइल नियमावरून घन भागाचे घनफळ काढतात. शेलची पार्यता अत्यल्प असल्याने अखंड नमुन्यात वायू पसरण्यास फार वेळ लागतो. म्हणून लफेल व गिड्री यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत खडक भरडतात. आधी पाऱ्यात बुडवून अखंड तुकड्याचे घनफळ मोजतात; मग चुरा टोल्यूइनाने धुऊन त्यातील पाणी व तेल काढतात, सु. ११०° से. तापमानास वाळवितात आणि कणांचे घनफळ हीलियमाने मोजतात. दोहोंतील फरक हे छिद्रांचे घनफळ.

फरक काढण्यातच धोका आहे. १०० घ. सेंमी. शेलमधील कणांचे घनफळ ९४ घ. सेंमी. भरले, तर सच्छिद्रता ६% येते. तेच चुकून ९५ भरले, तर ५%. कणांच्या मापनातील जेमतेम एक टक्का चुकीने छिद्रांतील मुक्त वायूच्या साठ्याचा अंदाज एक षष्ठांशाने घटतो.

वाळविण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. स्मेक्टाइटासारख्या मृत्तिका खनिजांच्या थरांत पाणी बांधलेले असते. तापमान वाढविल्यास तेही निघते आणि वायूला कधीच न मिळणारी ती जागा सच्छिद्रतेत धरली जाते. एकाच खडकासाठी निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत, त्याचे हे एक प्रमुख कारण होय. वायूची निवडही निर्णायक असते : हीलियमाचा रेणू मिथेनाच्या रेणूहून लहान असल्याने मिथेनाला बंद असलेल्या छिद्रांतही तो शिरतो. उलट मिथेनाचे अधिशोषण होत असल्याने त्याने मोजलेले छिद्रांचे घनफळ फुगते. उच्च दाबाने पारा घुसविण्याच्या पद्धतीत सु. ४,००० वातावरण दाबासही ३–४ नॅनोमीटरांहून अरुंद वाटा न भरता राहतात, शिवाय खडक दाबला जातो तो वेगळाच.

चुऱ्यावर केलेल्या मापनात भूगर्भातील भाराचा परिणाम मुळीच येत नाही. तो जाणून घेण्यासाठी अखंड नमुना बाह्य दाबाखाली ठेवून, वेळ लागला तरी, स्वतंत्रपणे तपासावा लागतो.