अम्मींच्या उशाजवळचा प्लेयर

आमच्या अम्मींच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशने झाली, तरी कुरआनची बारीक अक्षरे पूर्वीसारखी दिसेनात. फजरनंतर तिलावत केल्याशिवाय चहाला हात न लावणाऱ्या अम्मी रेहलसमोर नुसत्या बसून राहू लागल्या. मोबाइलवर तिलावत लावून दिली, तर मध्येच कुणाचा फोन, मध्येच जाहिरात. शिवाय टच स्क्रीनवर त्यांचे बोट भलतीकडेच पडायचे. शेवटी आम्ही भावंडांनी ठरवले, फक्त ऐकण्याचेच यंत्र घ्यायचे.

मलकापूरच्या बाजारात एमपीथ्री प्लेयर विचारला, तर दुकानदार हसले. खरे आहे, त्याचा जमाना सरला. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत घडलेल्या एमपीथ्री पद्धतीवर चालणारे खिशातले प्लेयर १९९८ मध्ये दक्षिण कोरियातून बाजारात आले. २००१ मध्ये अॅपलचा ५ जीबीचा आयपॉड निघाला आणि मे २०२२ मध्ये कंपनीने तोही बंद केला. पण बटणांचे साधे प्लेयर अजून मिळतात. आमचा भाच्याने भुसावळहून आणला.

घेताना आम्ही रंगरूप पाहिले नाही. बटणे उठावदार हवीत, डोळे मिटून चाचपता यावीत. आतच छोटा स्पीकर हवा आणि इअरफोनचे साधे गोल छिद्रही. बंद करून पुन्हा लावल्यावर जिथे थांबलो तिथूनच सुरू व्हायला हवे. हे नसेल तर म्हाताऱ्या माणसाला रोज पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आणखी एक सोय आम्हाला नंतर कळली. सुरुवात आणि शेवट ठरवून दिला की तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. हिफ्ज करणाऱ्या आमच्या भाचीने सबक पक्का करायला प्लेयर दोन दिवस पळवला होता!

मेमरी कार्डात मात्र आम्ही फसलो. स्वस्तात ६४ जीबीचे कार्ड मिळाले म्हणून खूश होतो. संगणकावरही ६४ दिसत होते, पण थोड्या फायलींनंतर पुढच्या सगळ्या मुक्या. अशा बनावट कार्डात जागा थोडीच असते, फक्त आकडा मोठा लिहिलेला असतो. कार्ड पूर्ण भरून तपासणारे मोफत प्रोग्राम मिळतात, ते आधी चालवावेत. खरे तर इतकी जागा लागतच नाही. १२८ केबीपीएस दर्जाचा एक तास सुमारे ५८ एमबीत बसतो. म्हणजे तिलावत ३० तासांची धरली, तरी पावणेदोन जीबी पुरे. ३२ जीबीपर्यंतचे कार्ड घ्यावे. त्यापुढच्या कार्डांची मांडणी वेगळी असते आणि साधे प्लेयर ती बऱ्याचदा वाचत नाहीत.

फायलींना नावे देताना ००१, ००२ असे तीन अंकी आकडे घालावेत. आम्ही १, २, ३ लिहिले आणि पहिल्या सूरहनंतर थेट दहावी, मग शंभरावी लागली. अम्मींनी लगेच ओळखले. त्यांना दिसत नसले तरी क्रम पाठ आहे.

मग अम्मींनीच पेटीतून एक कॅसेट काढली. अब्बांच्या आवाजातली सूरह यासीन, घरच्याच टेपवर भरलेली. अब्बांचा इंतकाल होऊन १६ वर्षे झाली. आम्ही उतावळेपणाने कॅसेट तशीच टेपमध्ये घातली आणि फीत गुंडाळली गेली. एक तुकडा कायमचा गेला. आधी फीत पेन्सिलने हलकेच सैल करायला हवी होती, टेपचे हेड स्पिरिटच्या कापसाने पुसायला हवे होते. हे सगळे नंतर केले.

टेपच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर संगणकाला जोडली. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम आवाज भरून घेतो. आवाजाची पट्टी लाल रेषेला लागू देऊ नये, नाहीतर आवाज फाटतो. ६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू भरायला अर्धा तास लागतोच, घाई करता येत नाही. एकदा मध्येच लाइट गेली, पुन्हा पहिल्यापासून. खरखर फार काढू गेलो तर आवाज पत्र्यासारखा होऊ लागला, म्हणून थोडी राहू दिली. मूळ प्रत वेव्ह फाइलमध्ये जपून ठेवली आणि प्लेयरसाठी एमपीथ्री केली. मागे कुठेतरी स्टेशनवरच्या गाडीची शिट्टी ऐकू येते. तीही ठेवली.

बाकी सामान थोडेच लागले. कानात खुपसायच्या इअरफोनपेक्षा कानावर बसणारा हेडफोन अम्मींना बरा वाटतो. आवाजाबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की मोठ्यांनी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये, मुलांसाठी तीच मर्यादा ७५ डेसिबल. चार्जर ५ व्होल्टचा हवा. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात प्लेयर खिडकीत किंवा गाडीत विसरू नये; उन्हाने बॅटरी फुगते.

आता सकाळी कारी साहेबांची तिलावत लागते, रात्री अब्बांची. गेलेल्या तुकड्याच्या जागी कारी साहेबांचा आवाज जोडून देऊ का, असे भाच्याने विचारले. अम्मी नको म्हणाल्या. तेवढ्या जागी थोडी शांतता असते आणि त्या आयती अम्मी स्वतःच म्हणतात.