देव जामीन, माल विलायती

दिवाळीच्या साफसफाईत जुन्या तसबिरी खाली उतरवल्या की एखादीच्या तळाशी बारीक अक्षरांची ओळ सापडते. चित्र लक्ष्मीचे, पण अक्षरे साबणाच्या, कापडाच्या नाहीतर औषधाच्या कंपनीची! ज्या चित्रापुढे दोन-तीन पिढ्यांनी उदबत्ती लावली, ते मुळात जाहिरात म्हणून घरात आलेले असते. अमरावती-अकोल्याकडच्या घरांत अशा तसबिरी मी बऱ्याच पाहिल्या. बँकेच्या नोकरीत कर्जाच्या निमित्ताने लोकांच्या ओसरीवर बसावे लागे. घरधनी सात-बारा शोधून आणीपर्यंत आपण भिंती पाहत बसायचे.

या चित्रांचा जन्म शिळाछापातला. गुळगुळीत दगडावर चित्र काढायचे, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि एकच कागद एकामागून एक सगळ्या दगडांवरून छापून काढायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही रंगीत छपाई स्वस्त झाली आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या दुकानदारांना नवे साधन मिळाले. इंग्लंड-अमेरिकेत मालाबरोबर रंगीत कार्डे फुकट मिळू लागली. मुले ती वहीत चिकटवीत. साबण, चहा, दोरा, खोकल्याचे औषध, सगळ्यांची कार्डे निघाली. १८८५ सालचे अमेरिकेतले एक कार्ड प्रसिद्ध आहे. दोन गोजिरवाणी मुले काटक्यांचे घर बांधत खेळताहेत आणि जाहिरात आहे दातदुखीच्या थेंबांची. किंमत पंधरा सेंट. त्या थेंबांत कोकेन होते आणि कार्डावर ते नाव ठळक छापलेले होते. तेव्हा त्यात लपवण्यासारखे काही आहे असे कुणाला वाटत नव्हते.

आपल्या वऱ्हाडात ही कला आली ती मुख्यतः कापसाच्या वाटेने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोचला. कापसाच्या गाठी त्या वाटेने गेल्या आणि त्याच वाटेने कापडाचे तागे परत आले. ग्रॅहम, रॅली ब्रदर्स अशा पेढ्यांच्या ताग्यांवर सुरेख रंगीत लेबले असत. त्यांवर कृष्ण, लक्ष्मी, गणपती, हत्ती, वाघ असे काहीही असे. परमुलखातल्या छापखान्यात छापलेला आपला देव!

देवच का? कारण सोपे आहे. गिऱ्हाइकाला वाचता येत नव्हते. बायका दुकानात कंपनीचे नाव सांगत नसत, 'हत्ती छाप द्या' म्हणत. बँकेत मी हजारो अंगठे पाहिले. अंगठा ही गिऱ्हाइकाची सही, तशी छाप ही व्यापाऱ्याची सही. तिची नक्कल होऊ नये म्हणून १८८९ साली इंग्रज सरकारने मालावरच्या खुणांचा कायदाही केला.

दर्यापूर तालुक्यातल्या एका आजींनी मला टिकल्या-जरी लावून सजवलेली लक्ष्मी दाखवली होती. म्हणाल्या, "सायेब, हे माह्या आजेसासूच्या वक्ताची हाये. कापडासंगं आलती. कापड कवाच फाटलं, देवी राह्यली." त्या एका वाक्यात जाहिरातीचा सगळा धंदा आला. माल संपतो, चित्र भिंतीवर राहते.

पुढे हा धंदा आपल्या माणसांनीही हाती घेतला. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला. तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. तिथे देवांच्या तसबिरींबरोबर कंपन्यांची लेबलेही छापली जात. १९७२ साली तो आगीत जळाला.

औषधांची गोष्ट जरा निराळी. तान्ह्या बाळाच्या पोटदुखीवर घरोघर सहाणेवर गुटी उगाळली जाई. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, मोजून वेढे. तिला बाटलीतली सवत आली, ग्राइप वॉटर. नॉटिंगहॅमच्या वुडवर्ड या औषधविक्याने ते १८५१ साली बनवले. त्याची विलायती खूण म्हणजे दोन सापांचे गळे दाबणारा बाल हर्क्युलिस. आपल्याकडच्या कॅलेंडरांवर त्याच औषधासाठी बाळकृष्ण आला. कोणत्या आईचा हात त्या बाटलीकडे जाणार नाही? मूळ नुस्ख्यात मात्र थोडा अल्कोहोलही होता. बाळकृष्णाच्या चित्रावरून ते कळण्याचा मार्ग नव्हता.

आमच्या बँकेत जामीनदार समोर बसवून, त्याला जोखीम समजावून, मगच सही घेत. इथे मालाला जामीन म्हणून थेट देवच उभा केला, आणि त्याला कुणी विचारले नाही. गिऱ्हाइकाने विश्वास ठेवला तो देवावर, पैसे गेले कंपनीला. १९५४ साली आपल्याकडे औषधे व जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा झाला, तो अशाच विश्वासाच्या रक्षणासाठी.

हा सगळा जुना इतिहास आहे असे मात्र समजू नका. आजही पेरणीच्या तोंडावर अकोल्याच्या कृषी केंद्रात उभे राहून पाहा. बियाण्याच्या पाकिटावर टपोरी बोंडे, कीटकनाशकाच्या डब्यावर हिरवेगार शेत. पण त्याच डब्यावर कायद्याने एक छोटे चित्र छापावे लागते. टोकावर उभा केलेला चौकोन, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा अशी उतरती पायरी. लालावर कवटी आणि हाडांची फुलीही असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्यानंतर तर हा चौकोन प्रत्येक घरात ओळखीचा व्हायला हवा होता.

डब्यावरचे मोठे चित्र विकणाऱ्याचे असते, छोटे आपल्यासाठी असते. घरातल्या शाळकरी मुलाला एवढे काम जरूर सांगा. फवारणीला निघालेल्या माणसाच्या हातातला डबा फिरवून पाहायचा आणि खालच्या त्रिकोणाचा रंग मोठ्याने सांगायचा.