सेवा करणाऱ्यांचा संघ

बडोद्याचा रावपुरा गायकवाडी अमदानीपासून महाराष्ट्रीयांच्या परिचयाचा आहे. त्या शहरातील धर्मादाय दवाखाने, वसतिगृहे आणि शाळा यांत मराठी माणसेही राबत आली आहेत: कोणी परिचारिका, कोणी आया, कोणी शिपाई, कोणी खेडोपाडी हिंडणारा कार्यकर्ता. अशा नोकरांनी आपला संघ, म्हणजे युनियन, स्थापावा काय, असा प्रश्न निघाला की बहुधा एकच उत्तर मिळते. गिरणीचा मालक नफा कमावतो, त्याच्याशी भांडणे ठीक. पण संस्था तर पुण्यकार्य करते, तिच्यापुढे मागण्या कसल्या? हे उत्तर ऐकावयास गोड आहे, परंतु आम्हांस ते पटत नाही. पुण्यकार्य संस्थेचे असले तरी पोट आयाचेच असते, आणि वाण्याच्या दुकानी सेवाभावावर तांदूळ मिळत नाहीत.

या वादाची कहाणी मुंबईत सुरू होते. जे. जे. रुग्णालयसमूहातील दोन स्त्री वॉर्ड-नोकरांना भरपाई न देता कामावरून कमी करण्यात आले. त्या एकट्या असत्या तर बोचके उचलून मुकाट्याने घरी गेल्या असत्या. परंतु हॉस्पिटल मजदूर सभा हा संघ त्यांच्या पाठीशी उभा राहिला. रुग्णालय हा काही ‘उद्योग’ नव्हे, सबब कामगारांचा कायदा त्यास लागू नाही, असे सरकारचे म्हणणे होते. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. पुढे १९७० साली त्याच न्यायालयाने आपले मत फिरविले, आणि १९७८ साली बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते पुन्हा सरळ केले. न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालाचा आशय असा की, मालक व नोकर यांच्या सहकार्याने जेथे पद्धतशीरपणे लोकांची ऐहिक गरज भागविली जाते, तेथे नफ्याचा हेतू पाहावयाचा नाही. संस्था दानशूर असेल. तिचा पगारी नोकर दान देण्यास आलेला नसतो.

तथापि हे समाधानही टिकले नाही. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने पूर्णतः वा बहुतांशी धर्मादाय, सामाजिक अथवा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था ‘उद्योगा’तून वगळल्या आहेत. इतक्या वर्षांचे संरक्षण व्याख्येतील एका वाक्याने असे निसटते!

म्हणून सारेच संपले काय? संघ स्थापण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमातच आहे. तो कोणत्याही संहितेच्या व्याख्येवर अवलंबून नाही. शिवाय कायद्याची एक वाट बंद झाली तर दुसरी शोधता येते, हे गुजरातेतच दिसले आहे. अहमदाबादेतील खासगी प्राथमिक शिक्षकांची संघटना २००४ साली ग्रॅच्युइटीचा खटला हरली. शिक्षक हे त्या कायद्यातील ‘नोकर’ नव्हेत असे ठरले. मात्र हा विचार कायदेमंडळाने करावा, असे न्यायालयाने सुचविले. २००९ साली संसदेने कायदा बदलला, आणि तोही ३ एप्रिल १९९७ पासून लागू केला. दाहोद जिल्ह्यातील अंगणवाडी सेविकांना व मदतनिसांना सरकारकडून मिळते ते ‘मानधन’. मान पुष्कळ, धन थोडे. त्यांनाही ग्रॅच्युइटी लागू आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एप्रिलमध्ये दिला.

हा प्रश्न आपल्याही अंगणातला आहे. शाळा, दवाखाने व अनाथाश्रम चालविणारी आपली ख्रिस्तसभा स्वतःच मालक आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या पत्रात कामगारांच्या संघांचा पुरस्कार केला, तो काही केवळ कारखानदारांना ऐकविण्यासाठी नव्हे. १९७१ साली रोम येथील बिशपांच्या परिषदेने स्पष्टच म्हटले की, ख्रिस्तसभेची सेवा करणाऱ्यांस पुरेशी उपजीविका व सामाजिक सुरक्षा मिळाली पाहिजे. अमेरिकेतील बिशपांनी १९८६ साली आपल्याच संस्थांतील नोकरांचा संघटित होण्याचा हक्क मान्य केला. फादर किंवा सिस्टर समोर असल्या म्हणजे आपल्या माणसांची जीभ टाळूस चिकटते. आदर जरूर असावा. पण पगारपत्रक मागणे हा अनादर नव्हे.

एकत्र येणे बडोद्यास नवे नाही. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी तेथे अन्योन्य सहकारी मंडळी काढली, तेव्हा सहकाराचा कायदाही देशात नव्हता. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ हा कष्टकरी स्त्रियांचा संघ स्थापला. या स्त्रियांना मालकच नाही, मग युनियन कोणाविरुद्ध, म्हणून नोंदणीस प्रथम नकार मिळाला होता. संघ कोणाविरुद्ध नसून सभासदांच्या एकीसाठी असतो, हे पटवून त्यांनी नोंदणी मिळविली.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांनी हे ध्यानी ठेवावे. नोंदणीस निदान सात सभासद लागतात. शिवाय कामगारांपैकी शेकडा दहा किंवा शंभर, यांत जे कमी तितके सभासद असावे लागतात. संस्था नव्या व्याख्येबाहेर पडत असेल तर नोंदणी अडू शकते, सबब आधी जाणत्या वकिलास विचारावे. ग्रॅच्युइटीसाठी मात्र थांबण्याचे कारण नाही. दहा वा अधिक नोकर असलेल्या संस्थेत सामान्यतः पाच वर्षे सलग काम झाले असता दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळतो. त्यासाठी रुजू झाल्याची तारीख कागदावर हवी. नियुक्तिपत्र नसेल तर पहिला अर्ज त्याचाच करावा, आणि त्यावर एकट्याची नव्हे, सर्वांची सही असावी.