तैलाचे खवट होणे आणि प्रतिबंधक द्रव्यांचे कार्य

सिद्ध तैलाची बाटली उघडताच खवट वास आला, तर रुग्ण ती परत आणतो आणि वैद्याच्या शब्दावरील त्याचा विश्वासही थोडा ढळतो. अशा प्रसंगी दोन उपाय सर्रास योजले जातात. एक, उरलेले जुने तैल नव्या बॅचमध्ये मिसळून संपविणे. दुसरा, खवट तैलात अँटिऑक्सिडंट घालणे. हे दोन्ही उपाय निष्फळ का ठरतात, याचा विचार आपण प्रस्तुत लेखात करू.

तैलातील असंतृप्त मेदाम्लांच्या रेणूतून उष्णता, प्रकाश अथवा धातूच्या अंशामुळे हायड्रोजनचा एखादा अणू निघून जातो. मागे उरलेले मुक्त मूलक हवेतील ऑक्सिजनशी तत्काळ संयोग पावून पेरॉक्सी मूलक बनते. ते शेजारच्या रेणूतील हायड्रोजन ओढून घेते. स्वतः हायड्रोपेरॉक्साइड होते आणि शेजारी नवे मूलक निर्माण करते. अशी ही साखळी पुढे चालत राहते. हायड्रोपेरॉक्साइड फुटले की आणखी मूलके तयार होतात, तसेच अल्डिहाइडे निर्माण होतात. खवट वास मुख्यतः त्यांचाच.

साठविलेल्या पेट्रोलमध्येही हेच घडते. तेथे डिंकासारखा चिकट साका धरतो. म्हणून तेलशुद्धीकरण कारखान्यांत पेट्रोलमध्ये फिनॉल अथवा फेनिलीनडायअमाइन वर्गातील प्रतिबंधके अत्यल्प प्रमाणात मिसळतात. प्रतिबंधकाचा रेणू आपला हायड्रोजन पेरॉक्सी मूलकास देऊन टाकतो. त्याचे स्वतःचे उरलेले मूलक इतके स्थिर असते की ते साखळी पुढे नेत नाही. अशा शृंखला-अभिक्रियांच्या अभ्यासासाठी सेम्योनोव्ह आणि हिन्शेलवुड यांना 1956 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तिळतैलात हे कार्य निसर्गतःच चालते. त्यातील टोकोफेरॉल व सेसमॉल ही फिनॉल वर्गातील द्रव्ये होत. उष्णतेने सेसमोलिनपासून सेसमॉल मोकळे होते. त्यामुळे असंतृप्त मेदाम्ले भरपूर असूनही तिळतैल दीर्घकाळ टिकते.

परंतु प्रतिबंधक हे साखळी तोडताना स्वतः खर्ची पडते. ते शिल्लक आहे तोवर ऑक्सिडीकरण मंद असते. संपताच वेग झपाट्याने वाढतो. म्हणजे प्रतिबंधक विलंब घडविते, दुरुस्ती करीत नाही. खवट तैलात ते घातल्याने आधी बनलेली अल्डिहाइडे नाहीशी होत नाहीत. जुने तैल नव्यात मिसळणे तर अधिकच घातक. त्यातील हायड्रोपेरॉक्साइडे नव्या तैलाचा प्रतिबंधक साठा आधीच खर्च करतात.

औषधनिर्मात्यांना आमची विनंती अशी. टाकी रिकामी करून, धुऊन व पूर्ण कोरडी करूनच नवे तैल भरावे. तांबे व लोह ऑक्सिडीकरणास चालना देतात. म्हणून पाक तांब्याच्या भांड्यात केला असला, तरी साठवण स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात करावी. बाटली गडद काचेची असावी व गळ्यापर्यंत भरावी. पेरॉक्साइड मूल्य कच्च्या तैलाचे, पाकानंतरचे व साठवणीतील, असे तिन्ही वेळा नोंदवावे. मात्र जुन्या तैलात ते मूल्य कमी आले म्हणून निर्धास्त होऊ नये. हायड्रोपेरॉक्साइडे फुटून गेल्यावरही ते घटते.

प्रतिबंधक घालावयाचेच असल्यास ते ताज्या तैलात, नियमांनी अनुमत द्रव्य व मात्रा पाहूनच घालावे. खवट झालेले तैल मात्र टाकून देणे, हाच मार्ग रुग्णाच्या व आपल्या शास्त्राच्याही हिताचा आहे.