बिबट्याच्या टापूतील भेदरलेला कुत्रा

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढले आणि दाट उसात बिबट्याला आडोसा मिळाला, त्यामुळे वस्तीवरचा कुत्रा राखणदार असूनही भक्ष्य ठरतो. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्यांच्या आहारात पाळीव कुत्र्यांचा वाटा वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के आढळला. म्हणूनच येथे कुत्र्याच्या रात्रीच्या भुंकण्याला खोड म्हणण्याआधी तो इशारा आहे का, हे पाहावे लागते.

भ्यालेला कुत्रा शेपूट पोटाखाली घेतो, कान मागे पाडतो आणि मागे सरकत भुंकतो. अशा वेळी काठी उगारल्यास भीती अधिकच पक्की होते. औषधाविना उपचारांत सर्वांत भरवशाची पद्धत प्रतिअभिसंधानाची, म्हणजे भीतीच्या कारणाशी सुखद अनुभव जोडण्याची आहे : उदाहरणार्थ, ट्रॅक्टरला भिणाऱ्या कुत्र्याला त्याचा आवाज प्रथम लांबून ऐकू येत असताना, तो शांत आहे तोवरच, आवडीचा घास द्यावा आणि अंतर काही आठवड्यांत हळूहळू कमी करावे. भीतीवर दिले जाणारे वनस्पतिजन्य उपाय नैसर्गिक असले तरी निर्धोक असतातच असे नाही. कांदा व लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना घातक ठरतात, आणि भुंकण्यामागे दुखणेही असू शकते, म्हणून पशुवैद्यकाकडून आधी तपासणी करून घ्यावी. रात्री त्याला उघड्यावर साखळीने न बांधता बंदिस्त निवाऱ्यात ठेवणे, हा या टापूतील प्रत्येक उपचाराचा पाया आहे.